तळ्याकाठचे रान आणि आपली विहीर

शेतकऱ्याच्या घरात सहल म्हणजे देवदर्शन, नाही तर लांबच्या नातलगाचे लग्न. डोंगरात जाऊन मुद्दाम तंबू ठोकून राहायचे, ही मुंबईकरांची हौस, असे आपण म्हणतो. "आम्ही रोजच रानात असतो, तिथे पाहायचे ते काय?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पूर्वी मीही तेच म्हणत असे. गेल्या पौषात आमच्या रसायनीकडच्या दोन घरांनी मिळून एक रात्र डोंगराच्या पायथ्याशी काढली आणि दुसऱ्या दिवशी माथेरानच्या तळ्याकाठच्या जंगलात फिरून आलो. ती हकीकत सांगतो. वाचून झाल्यावर तो प्रश्न पुन्हा स्वतःला विचारून पाहा.

निघण्याचे कारण

आमच्या शेजारी एक शेतकरी आहेत. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. खाली भाताची तीन एकर खाचरे, वर डोंगरउताराची दोन एकर वरकस. वरकशीत ऐन, किंजळ, जांभूळ, दोन जुने आंबे. खाचराच्या वरच्या अंगाला विहीर. कार्तिकात एका लाकूडतोड ठेकेदाराने त्यांच्या उभ्या झाडांना भाव केला. मुलीचे लग्न वैशाखात धरलेले. पैसे हवेत हे तर खरेच.

भाऊ मला म्हणाले, "साहेब, परवानगीचे कागद कुठे करायचे तेवढे सांगा. बाकी वरकस जमिनीला काय किंमत? गवत आणि राबाच्या फांद्या."

मी कागदांचे सांगितले. आपल्या मालकीच्या जमिनीतली झाडेसुद्धा मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे त्यात नेमलेल्या झाडांना आधी परवानगी लागते. पण मनात दुसरेच होते. त्यांची विहीर पूर्वी मेअखेरपर्यंत पाणी द्यायची. अलीकडे एप्रिलमध्येच तळ दिसू लागला होता. वरची अर्धी झाडे राबासाठी खरवडून ठेवलेली होती. याचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे मी तीन वेळा बोलून दाखवले होते. तीन वेळा भाऊंनी मान डोलावली होती आणि विषय बदलला होता.

पस्तीस वर्षांपूर्वी शेतकी महाविद्यालयात शिकलेली एक गोष्ट मला नोकरीत पुन्हा पुन्हा पटली आहे. शेतकऱ्याला सांगून पटत नाही, दाखवून पटते. म्हणून म्हटले, "कागद करू. पण त्याआधी एक रात्र माझ्याबरोबर चला. वहिनींना आणि मुलांनाही घ्या. पोपटी लावू, आणि सकाळी डोंगर चढू."

पोपटीचे नाव काढल्यावर मुलांनी घर डोक्यावर घेतले आणि भाऊंचा नाइलाज झाला.

मुक्काम कुठे करावा

भात झोडून झाले होते, पेंढा रचून झाला होता, वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या. कोकणातल्या शेतकरी कुटुंबाला बाहेर पडायला याहून बरे दिवस नाहीत. दांडफाट्यावरून चौक गाठले. चौकच्या उत्तरेला माथेरानचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या एका वाडीत आमच्या ओळखीचे एक ठाकर शेतकरी आहेत. त्यांच्या खळ्यावर मुक्काम केला.

खळ्यावरच का? त्याला तीन कारणे आहेत. पहिले, राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही, आणि आमच्यासारख्या सरकारी नोकरीत असलेल्याने तरी ते मोडू नये. दुसरे, खळे सपाट, सारवलेले, आजूबाजूला वाळके गवत नाही. जाळ केला तरी वणव्याची भीती नाही. तिसरे कारण बायकामाणसांचे. यजमानांच्या घरी संडास होता. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठाला बसणे हे पाण्याशी वैर आहे. तशी वेळ आलीच, तर पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब जाऊन खड्डा करावा आणि मातीने बुजवावा.

तंबू आम्ही विकत घेतला नाही. मळणीची ताडपत्री, चार बांबू आणि सुतळी एवढ्यात सात माणसांची सोय झाली. खाली पेंढा, त्यावर गोधड्या. पौषातली थंडी पेंढ्यात शिरत नाही हे शहरातल्या माणसाला सांगावे लागते, आपल्याला नाही.

झोपण्याची जागा निवडताना मी सगळ्यांना आधी पूर्वेकडे उभे केले आणि मग पश्चिमेकडे वळवले. पश्चिमेला इर्शाळगडाचा सुळका दिसत होता. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पाऊस कोसळत असताना, माणसे झोपेत असताना दरड खाली आली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. आमच्या यजमानांचे नातलग त्यात होते. ते एवढेच म्हणाले, "डोंगर आपलाच आहे, पण पावसाळ्यात त्याच्या कुशीत झोपू नये."

म्हणून हा पहिला नियम. असला मुक्काम हिवाळ्यात करावा. पावसाळ्यात उतारावर, ओढ्याच्या पात्रात, धबधब्याखाली किंवा धरणाच्या सांडव्याजवळ कुटुंबाला नेऊ नये. लोणावळ्याला भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वर पडलेला पाऊस आपल्याला दिसत नाही, त्याचे पाणी मात्र क्षणात येते.

पोपटी

संध्याकाळी शेंगा खुडल्या. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे आणि अंडी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाला भांबुर्डीचा गच्च बोळा. मडके उपडे करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. अर्ध्या तासात वासाने सगळी वाडी जागी केली. पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात, त्या भांबुर्डीच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर. आमचा अकरा वर्षांचा नातू तेवढ्यावरून मला म्हणाला, "आजोबा, म्हणजे पाणी पानातच असते!" मी त्याला म्हटले, हेच उद्या लक्षात ठेव.

जेवणानंतर जाळ पाणी मारून विझवला. राखेत हात घालून गार झाली की नाही हे पाहिले आणि मगच आडवे झालो.

एक जुनी चूक

त्या रात्री मुलांना एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

नोकरीत नवा असताना मी तरुण शेतकऱ्यांची एक सहल घेऊन एका धरणावर गेलो होतो. दुपारची वेळ, उकाडा. एक विशीतला मुलगा पोहायला उतरला. गावच्या नदीत वाढलेला, पट्टीचा पोहणारा. मी त्याला अडवले नाही. काठापासून वीस पावलांवर तो उभा राहायला गेला आणि कमरेपर्यंत गाळात रुतला. जितका हलला तितका खाली गेला. दोघांनी बांबू टाकला, दोन धोतरे एकमेकांना बांधून त्याच्या बगलेतून घेतली, तेव्हा तो बाहेर आला. वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे कधी तरी माझ्या लक्षात आले की ज्या गाळाने त्याचा पाय धरला, तो गाळ मूळचा तिथला नव्हता. ती वरच्या उघड्या डोंगराची आणि बांध फुटलेल्या शेतांची माती होती. मृद्संधारणाचे धडे मी गावोगाव देत होतो. त्या मातीचे शेवटी काय होते, हे मी त्या दिवशी पाहिले.

म्हणून दुसरा नियम. धरणात किंवा अनोळखी तळ्यात उतरायचे नाही. पोहता येत असले तरी नाही. बुडत्यामागे उडी टाकायची नाही. दोर, बांबू, साडी, जे हाताशी असेल ते टाकायचे.

वन ट्री हिलच्या वाटेने

सकाळी उजाडताच निघालो. वाडीतले एक जाणते बाबा वाटाड्या म्हणून घेतले आणि त्यांची मजुरी आधीच ठरवली. वाट खडी आहे, मधे कातळाचे टप्पे आहेत. माहीतगाराशिवाय कोणी जाऊ नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नेरळवरून दस्तुरीपर्यंत गाडीने जावे. तिथून पुढे माथेरानात मोटारींना बंदी आहे.

ही वाट इतिहासातली आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकला पडला होता. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. वरचे रान पाहून त्यांनी तिथे घर बांधले आणि माथेरान थंड हवेचे ठिकाण झाले. पुस्तकात 'शोध लावला' असे लिहितात. आमच्या वाटाड्या बाबांना ते सांगितले तेव्हा ते हसले. त्यांचे आजे-पणजे या वाटेने मध आणि हिरडे घेऊन उतरत होते. साहेबाला वाट सापडली, कारण ती आधीपासून होती.

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुरू केली. आणि ज्या भाई कोतवालांनी कर्जत-नेरळ भागात शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ज्यांना हौतात्म्य आले, ते याच माथेरानचे सुपुत्र.

तीन तासांनी वर पोहोचलो. मागे वळून पाहिले तर खाली मोरबे धरणाचे पाणी पसरलेले. धावरी नदीवरच्या या धरणाचे पाणी नवी मुंबई पिते. वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतक्या पाण्याखाली कोणाची तरी खाचरे असतील." होती. पाणी पिणाऱ्याला ती दिसत नाहीत.

मी त्यांना म्हटले, "आपलेही तसेच आहे. आपली पाताळगंगा उन्हाळ्यात वाहते ती कशामुळे? घाटावर वळवण, लोणावळा, शिरोता ही टाटांची तळी आहेत. त्यांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरातून खाली उतरते आणि नदीत सुटते. रसायनीचे कारखाने उभे राहिले ते त्या पाण्यावर. वर कोणी तरी पाणी अडवते, धरून ठेवते, म्हणून खाली आपल्याला मिळते."

शार्लोट तळ्याकाठी

वन ट्री हिलपासून रानातल्या लाल वाटेने शार्लोट तळ्याला गेलो. माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा हा जुना साठा आहे. काठाजवळ पिसारनाथाचे देऊळ. हात-पाय धुवायलासुद्धा आम्ही तळ्यात उतरलो नाही. आपल्या पाणवठ्यावर कोणी पाय धुतले तर आपल्याला चालेल काय? मग इथे का चालावे?

भोवती जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा. दुपारी बारालाही सावली. एका झाडावरून दुसऱ्यावर तपकिरी शेपटी झुलवत काही तरी गेले. मुलांनी ओरडा केला. ते शेकरू, आपल्या महाराष्ट्राचे राज्यप्राणी. जमिनीवर क्वचित उतरते, फांदीवरून फांदीवर जाते. म्हणजे जिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले आहेत तिथेच ते राहते. शेकरू दिसले की समजावे, हे रान अजून सलग आहे.

उतारांवर कारवी होती. कारवीच्या कुडाच्या भिंतींत आपले वाडवडील राहिले. सात-आठ वर्षांनी ती एकदाच फुलते आणि मरते, तोवर तिची मुळे उताराची माती धरून ठेवतात.

आता ज्यासाठी आलो होतो ते. नातवाला घरून आणलेल्या पाण्याची बाटली दिली. म्हटले, अर्धे पाणी या पायवाटेवर ओत. त्याने ओतले. माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांनी घट्ट झालेल्या त्या वाटेवरून पाणी लाल होऊन पळाले, हातभर लांब गेले. मग दहा पावले आत, झाडाखाली नेले. तिथे घोट्याइतका पाला. म्हटले, उरलेले इथे ओत. ओतले. पाणी दिसलेच नाही. पाला बाजूला केला तर खालची माती काळी, भुसभुशीत, गार.

"कुठे गेले?" नातवाने विचारले.

उत्तर भाऊंनी दिले. "विहिरीत."

मी काही बोललो नाही. फक्त एक हिशेब मांडला. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर पाच लाख लिटर पाणी. ते चार महिन्यांत पडते. मातीवर पाला आणि मुळे असली तर त्यातले बरेचसे आत शिरते आणि सावकाश झऱ्याने, विहिरीने परत येते. मातीवर काही नसले तर ते पळते, आणि जाताना मातीही घेऊन जाते. त्यातूनच गाळ होतो, आणि उतार फार खडा असला तर दरडीलाही वाट मिळते. झाडे सगळ्या दरडी थांबवतात असे मी म्हणणार नाही. इर्शाळगडावरही झाडे होती. पण उघड्या उतारापेक्षा झाकलेला उतार केव्हाही बरा.

भाऊ म्हणाले, "पण साहेब, राब नको का भाजायला?"

प्रश्न रास्त आहे. राबासाठी फांद्या तोडणे ही आपल्या भागाची जुनी रीत. पण तिला दुसरी वाट निघाली आहे. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताचे सगुणा तंत्र तयार केले. कायमचे गादीवाफे, त्यावर टोकण, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. रोपवाटिकाच नाही तर राब कशाला? ज्यांना लावणीच करायची आहे त्यांनीही गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोपे करावीत. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात याची चौकशी जरूर करावी. पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवर करून पाहावे, पटले तर वाढवावे.

उतरल्यावर

संध्याकाळी दस्तुरीवरून नेरळला उतरलो. भाऊंचा मुलगा टेम्पो घेऊन कर्जतवरून तिथे आला होता. आमच्या बाजूला जो कचरा झाला तो पिशवीत भरून घरी आणला. बिस्किटाची चार वेष्टने आणि एक फुटकी बाटली. ती बाटली आमची नव्हती, पण शेकरूच्या रानात ठेवून येववेना. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे यजमान घेईनात. मग त्यांच्या मुलांसाठी वह्या आणि घरात तांदूळ देऊन आलो होतो. पुढे पाहुणे नेमाने येऊ लागले, तर अशा घरांनी मुक्कामाचा आणि जेवणाचा रास्त दर ठरवून घ्यावा. त्यात कमीपणा नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्याप्रमाणे नोंदणी करता येते.

तुम्हाला असे जायचे असेल तर बरोबर काय घ्याल? ताडपत्री, दोर, विजेरी, जाड बूट, उकळलेले पाणी, गूळ-शेंगदाणे, मलमपट्टी आणि रिकामी पिशवी. आपल्या डोंगरात फुरसे आहे. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, दगडाखाली हात घालू नये. साप चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता, चावलेला भाग न हलवता तडक सरकारी दवाखाना गाठावा. तिथे लस असते.

आता भाऊंच्या झाडांचे. त्यांनी ठेकेदाराला पूर्ण नकार दिला असे लिहिले तर गोष्ट गोड होईल, पण ते खरे नाही. लग्न तोंडावर होते. त्यांनी खालच्या कडेची, बांधाबाहेरची काही झाडे रीतसर परवानगी काढून दिली. विहिरीच्या वरचा सगळा पट्टा, जांभळे आणि दोन्ही आंबे धरून, ठेवला. भाव कमी आला. उरलेल्या पैशासाठी सोसायटीचे कर्ज काढले. यंदा त्या पट्ट्यातली एक फांदीही राबाला तोडायची नाही आणि पाला जाळायचा नाही, असे वहिनींनी घरात बजावले आहे. पाच गुंठे भात गादीवाफ्यावर टोकायचे ठरले आहे.

विहिरीचे पाणी एका वर्षात वाढेल असे मी त्यांना सांगितलेले नाही. पालापाचोळ्याचा तो घोटाभर थर साठायला वर्षे लागतात. पण विहिरीच्या आतल्या कठड्यावर भाऊंच्या मुलीने सासरी जाण्यापूर्वी चुन्याने एक रेघ मारली आहे. एक मेला पाणी जिथे होते तिथे. दर वर्षी त्याच दिवशी नवी रेघ मारायची जबाबदारी आमच्या नातवाने घेतली आहे.

तुमच्याही विहिरीवर अशी एक रेघ मारा. आणि येत्या पोपटीच्या दिवसांत एक रात्र काढून, घरच्या सगळ्यांना घेऊन, जवळच्या एखाद्या तळ्याकाठच्या रानात जाऊन या. बरोबर पाण्याची एक बाटली घ्यायला विसरू नका.